डाव्या सीटसमोरचं बटण

२ मार्च, सोमवार
आजपासून नोंदी ठेवणार. थोडक्यात.
ड्रॅग रेस १२ एप्रिलला. सरळ पट्टा, दोन गाड्या शेजारी शेजारी, दिवा हिरवा झाला की सुटायचं. गाडी तयार. मिस्त्रीने गिअरबॉक्समध्ये ट्रान्सब्रेक टाकून दिला. बटण दाबून धरलं की इंजिन कितीही बोंबलू दे, गाडी जागची हलत नाही. अंगठा उचलला की सुटली. आता ते बटण कुठं बसवायचं, एवढंच ठरवायचं. एका संध्याकाळचं काम.
तोवर बायकोही परत येईल. तिच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून डिसेंबरात मदतीला गेली. गुडघ्याला वेळ लागतो.

५ मार्च
मिस्त्री म्हणाला, साहेब, विचार कसला करताय? स्टिअरिंगवर, डाव्या अंगठ्याखाली. सगळे तिथंच लावतात. भोवती रिंग घालू, म्हणजे चुकून दाबलं जाणार नाही. धावत्या गाडीत दाबलं गेलं तर गिअरबॉक्सचा चुरा.
मी म्हटलं, सगळे करतात हे कारण होत नाही. बिस्किटांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे मी. असली वाक्यं अपघाताच्या रिपोर्टात वाचतो.
तो म्हणाला, मग डावी सीट तरी काढा, उगाच वजन. नाही काढणार. गाडीचा तोल जाईल. शिवाय त्या सीटवर हिची पाठीची उशी असते. ती कुठं ठेवणार?

९ मार्च
बटण गिअरच्या दांड्याला टेपने चिकटवलं. गॅरेजचं दार लावून सराव. इंजिन सुरू केलं तर धूर कोंडेल, म्हणून आवाज तोंडाने काढला. शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, पोट बिघडलंय का हो? मग स्वतःच म्हणाल्या, बाई घरात नसली की असंच व्हायचं.
निष्कर्ष: दांड्यावर नको. सुटताना एक हात स्टिअरिंगवर नसतो.
उद्यापासून रात्री टोस्ट बंद. नीट स्वयंपाक करायचा.

१४ मार्च, दुपारी
दारावर लावून पाहिलं. गुडघा लागतो.
गुडघ्यावरून आठवलं म्हणून फोन केला. मेहुणीने उचलला. थांबा भाऊजी, धाप लागलीये, आत्ताच टेकडी उतरून आले, म्हणाली. कमालीची जिद्दी बाई! म्हटलं, अगं, असं केलंस तर गुडघा पुन्हा धरेल आणि हिचा मुक्काम आणखी लांबेल. बरं, थांबा, म्हणाली. मग हिला फोन दिला.
ही म्हणाली, शिलाई मशीनचं पायाचं पेडल तिथंच राहिलंय, पार्सल करा. मशीन तिने जातानाच नेलं होतं. विरंगुळा म्हणून असेल. म्हटलं, सापडलं की पाठवतो.
पेडल कपाटाखाली आहे. सापडलं नाही असं नाही. पण ते न्यायला ती येईलच, मग पार्सलचा खटाटोप कशाला?

१७ मार्च
टोस्ट.

२४ मार्च
सापडलं! पेडल नव्हे, जागा.
कामावर जाताना सिग्नलला उभा होतो. मागच्यांनी हॉर्न मारले तेव्हा कळलं, दिवा कधीच हिरवा झालाय. ही शेजारी असती तर असं झालं नसतं. लग्न झाल्यापासून प्रत्येक सिग्नलला, अहो, झाला हिरवा. किती वेळा खेकसलो असेन, मला डोळे आहेत म्हणून. पण शास्त्रीय दृष्टीने पाहता घरात सगळ्यात जलद रिअ‍ॅक्शन हिचीच. म्हणजे बटण डाव्या सीटसमोर. धरेलही ती, सोडेलही ती. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर. याहून सेफ काय असतं?
इतकी साधी गोष्ट आजवर कुणालाच कशी सुचली नाही!

२९ मार्च
डॅशबोर्डला भोक पाडून बटण पक्कं केलं. लाल. भोवती रिंग. मिस्त्रीने रिंगवरून बोट फिरवलं. म्हणाला, साहेब, वहिनी येणार आहेत? म्हटलं, म्हणजे काय! गुडघा काय जन्मभर पुरणार आहे? तो म्हणाला, बरं. एरवी इतकं कमी बोलत नाही.
तिच्या मापाचं हेल्मेट आणलं.

४ एप्रिल
हिला फोनवर बटणाचं सगळं समजावलं. तुझ्याच हातात राहील म्हटलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, पेडल सापडलं का? म्हटलं, शोधतोय. म्हणाली, अहो, मी इथं शिवणाची कामं घेतलीत. बायका खोळंबल्यात माझ्यासाठी. म्हटलं, पुढच्या रविवारी ये, रेस झाली की घेऊन जा. बघते, म्हणाली.
बघते म्हणजे हो.
पलंगावरच्या चादरी बदलल्या.

१२ एप्रिल, रविवार, संध्याकाळी
तपासणीला पिवळ्या जॅकेटातला माणूस होता. म्हणाला, काका, डावीकडं कुणालाच बसता येत नाही, नियम आहे. हे बटण दाबणार कोण, वारा? सुटी उशीही काढायला लावली. म्हटलं, थांबा, ती वाटेत आहे. गेटकडं बघत राहिलो.
मिस्त्री पुढं झाला. बटण उपसलं आणि स्टिअरिंगवर बसवलं, डाव्या अंगठ्याखाली. बटण आवळायची पट्टी आणि जुन्या टेलिफोनसारखी पिळाची वायर तो येतानाच खिशात घालून आला होता. माझा चहा गार व्हायच्या आत काम संपलं.
रेषेवर गेलो. बटण अंगठ्याखाली नेमकं बसलं होतं. दाबलं. इंजिन पूर्ण जोरात. गाडी थरथरत जागच्या जागी. पिवळे दिवे. मग हिरवा.
दिसला. दिसला नाही असं नाही. पण कुणी काही म्हणालं नाही.
शेजारची गाडी लहान होत होत दिसेनाशी झाली. पिवळं जॅकेट हात हलवत पळत आलं, तेव्हाही मी दाबूनच धरलं होतं.
मिस्त्री प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोराजवळ उभा होता, काखेत उशी. म्हणाला, बटण अडकलं का, साहेब? म्हटलं, असेल. त्याने दोनदा दाबून पाहिलं. उशी माझ्या हातात दिली.

१३ एप्रिल, सोमवार
कपाटाखालून पेडल काढलं. पुसलं. वायर नीट गुंडाळून खोक्यात घातलं, हलू नये म्हणून बाजूने उशी लावली. कामावर जाता जाता पार्सल केलं.
आत चिठ्ठी टाकली. सापडलं, एवढंच लिहिलं. गुडघ्याची चौकशी केली नाही.