न अडखळता

रविवार, ११ मार्च

ती. ताईस,

आधी नमस्कार, मग उशिराची कारणं. तुझी दोन्ही पत्रं मिळाली. दोन्हींच्या शेवटी एकच प्रश्न आहे, सुईबाईचं काय झालं? फोनवरही तू विचारलंस, आणि मी तुला हिच्या गुडघ्याची खुशाली सांगत बसलो.

तर हिचा गुडघा बरा आहे. रुग्णालयात आमच्या फायलींच्या खोलीत नवी कपाटं आली. इतकी उंच, की वरच्या खणाला माझा हात पोचत नाही. शिडी मागितली तर म्हणाले, अर्ज करा. केला. तो अर्जही वरच्याच खणात गेला असणार.

वर्गाचं मी तुला मागे हौसेने लिहिलं होतं. खरं चित्र असं आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून एका स्वयंसेवी संस्थेतर्फे निर्वासितांना इथली भाषा शिकवतो. आठ जणांनी नावं दिली, तिघं टिकली. एकाचा कॅमेरा कायम छताकडे. एक बेकरीत काम करतो, तो बसल्या बसल्या झोपतो. तिसरी सुईबाई. ती कपडे उसवून बेताचे करून देणाऱ्या दुकानात आहे. ऐकताना सुई ओठांत धरते, म्हणून हिने ते नाव ठेवलं. ही म्हणते, "एक छत, एक झोपलेला आणि एक बाई. वर्ग कसला, सरळ बाईंना फोनच करा की."

सुईबाईची मुलगी नऊ वर्षांची आहे. ती सरहद्दीपलीकडे म्हाताऱ्या मावशीजवळ राहिली आहे. आईची आश्रयाच्या अर्जाची मुलाखत मान्य झाली तरच मुलीला आणता येणार होतं. मुलाखत भाषेची नव्हती. बाईची हकीकत खरी आहे का, एवढंच सरकारी साहेबाला पाहायचं होतं. आणि ताई, माझ्या अंगात आपली शाळा संचारली.

तू मला परीक्षेआधी ओट्यावर बसवून धडे म्हणवून घ्यायचीस. अडखळलो की पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या कुठल्या रीतीने माणूस शिकतो, हे मला आजही ठाऊक नाही. मी बावीस प्रश्न काढले, उत्तरं लिहिली आणि तिच्याकडून पाठ करून घेतली. मुलाखतीची उत्तरं स्वयंसेवकाने तयार करून द्यायची नाहीत, असा संस्थेचा नियम आहे. तो मी वाचला होता. मला वाटलं, आळशी लोकांनी केलेला नियम आहे.

एकवीस उत्तरं ती घडाघडा म्हणायची. सतराव्याशी मात्र थांबायची. मुलीला मागे का ठेवलं, हा तो प्रश्न. जिथे मुलीचा हात सुटला त्या नदीपर्यंत आली की सुई खाली ठेवायची आणि गप्प व्हायची. मी म्हणायचो, "पुन्हा, पहिल्यापासून." एका संध्याकाळी चौदा वेळा म्हणवून घेतलं. चौदाव्या वेळी ती एका सुरात, कुठेही न थांबता, शेवटपर्यंत गेली. मी टाळ्या वाजवल्या. झोपलेला जागा झाला, त्यानेही वाजवल्या. त्या दिवशी मी देवासमोर जरा जास्तच वेळ बसलो. आता वाटतं, स्वतःचंच कौतुक ऐकवत होतो.

निकाल गेल्या महिन्यात आला. नामंजूर. कारण असं दिलं आहे, की अर्जदाराने मुलीच्या ताटातुटीची हकीकत दोनदा विचारल्यावर दोन्ही वेळा शब्दन्‌शब्द तीच आणि निर्विकारपणे सांगितली, म्हणून ती पढवलेली वाटते.

पढवलेली होतीच. खोटी नव्हती.

तिने मला हे रडून सांगितलं नाही, तेच जड गेलं. म्हणाली, "मास्तर, मी एकदाही चुकले नाही. मग का?" मी म्हटलं, साहेबच तसला असेल. पुढचे दोन वर्ग मी घेतलेच नाहीत. नेट बंद आहे असं कळवलं. नेट उत्तम चालू होतं. दोन्ही वेळा तिचा निरोप आला, "मास्तर, नेट आलं का? मी बसून आहे."

परवा ही म्हणाली, "देवाला रोज हात जोडता ना? मग त्या बाईला का तोंड चुकवता?" मला उत्तर सुचलं नाही. बावीस उत्तरं लिहिणारा माणूस मी.

काल वर्ग उघडला. तिला सगळं सांगितलं. चूक तुझी नाही, साहेबाचीही नाही, माझी आहे. तिने ओठांतली सुई काढून बाहीला टोचली. मग म्हणाली, "आता मला नदीपाशी थांबताच येत नाही, मास्तर. ते तुम्ही काढून घेतलं." यावर काय बोलायचं ते तू सांग. निघताना ती एवढंच म्हणाली, "मंगळवारी येते. धडा घ्या. दुकानात लागतं ते शिकवा."

अपिलाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. तिच्याकडून कळल्यावर तिच्या वकीलबाईंनी काल रात्रीच फोन करून विचारलं, उत्तरं पाठ करून घेतल्याचं तुम्ही लिहून द्याल का? संस्थेच्या समन्वयक बाई म्हणाल्या, तसं लिहून दिलंत तर तुमचं नाव यादीतून काढावं लागेल. आज सकाळी सही केली. मंगळवारचा वर्ग माझा शेवटचा. तिला अजून सांगितलेलं नाही, तेवढंच उरलं आहे. अपिलात काय होईल ते वकीलबाईही सांगू शकत नाहीत. मी देवाकडे मागतो, पण आता हळू आवाजात.

वसतिगृहातून आलेली माझी पत्रं तू लाल शाईने तपासून परत पाठवायचीस. तेव्हापासून तुला पत्र लिहिलं की मी ते नीट उतरवून काढतो. या वेळी नाही काढलं. खोडलेलं तसंच आहे. जिथे तीन ओळी खोडल्या आहेत, तिथे मी स्वतःची बाजू मांडत होतो.

तपासू नकोस. नुसतं वाच.

तुझा,
अडखळलेला धाकटा