काढ्याचं नाव

चि. दिव्यानी हिला पोचूमामाचा साष्टांग नमस्कार. (भाचीच्या पाया पडायची आपली रीत आहे, तेव्हा वयाचा प्रश्न काढू नकोस.) इकडे मूल गावी तुझी मामी बरी, म्हैस बरी, माझा गुडघा होता तसाच. माझा लहानपणापासूनचा दोस्त दादाजी बरा नाही, हे तू त्याच्याच वॉर्डात नर्स असल्यामुळे माझ्यापेक्षा जास्त जाणतेस.

काल संध्याकाळी फोनवर तू चिडलीस. "मामा, डॉक्टर सारखे विचारून राह्यले, काढ्यात काय होतं तेवढं सांगा ना!" मी फोन ठेवला, तो रेंज गेली म्हणून नव्हे. आजोबांनी मला औषध दाखवलं तेव्हा हातात तांदूळ देऊन शपथ घातली होती, की नाव तोंडातून निघालं की औषधाचा गुण गेला. म्हणून हे पत्र. शपथ तोंडाची आहे. हाताबद्दल आजोबा काही बोलले नव्हते. (त्यांना लिहिता येत नव्हतं.)

आता झालं ते सगळं सांगतो. चार महिने दादाजी शुगरसाठी रोज अनशापोटी पेलाभर माझा काढा घेत होता. डॉक्टरची गोळीही घ्यायचा. मी म्हटलं असू दे, दोघं मिळून काम लवकर उरकतील. मग त्याचे डोळे पिवळे झाले आणि तो चंद्रपूरला भरती झाला. अशा वेळी शहाण्याने काय करावं? मी थर्मास भरून काढा घेऊन आलो. दारावरच्या गार्डला चहा आहे म्हणालो. त्याने झाकणात ओतून चाखला आणि माझ्याकडे फार दयेने पाहिलं. (घरी रोज असा चहा मिळणाऱ्याला कोण अडवेल?) परवा दादाजीने वॉर्डात दोन कप घेतले. मीच पाजले. तुला हे ठाऊक नव्हतं.

काल सकाळी डॉक्टरांनी मला खुर्ची दिली आणि कागदावर लिव्हर काढून दाखवलं. इतकी वर्षं मला वाटायचं, काढा पोटात गेला की पत्ता विचारत थेट आजाराच्या घरी जातो. तसं नसतं म्हणे. आधी सगळं लिव्हरमधून जातं. तिथे त्याची फोड होते, काही रक्तात जातं, काही लघवीवाटे बाहेर पडतं. बावीस वर्षं राइस मिलमध्ये काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. धान घातलं की तांदूळ वेगळा, कोंडा वेगळा, तूस वेगळं. पण एखाद्या लिव्हरला एखाद्या झाडपाल्याची ही फोडच सोसत नाही. पन्नास जण तोच काढा पचवतात आणि एकावन्नावा पिवळा पडतो. डॉक्टर म्हणाले, काढा असेल, गोळी असेल किंवा दुसरंच काही असेल, पण तपासणीचे आकडे रोज चढत आहेत आणि नाव कळल्याशिवाय आम्ही अंधारात आहोत. मी म्हणालो, जंगलातलं औषध आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं.

बाहेर रुखमाबाई बसली होती. दादाजीची ही बायको आजवर माझ्याशी मान वर करून बोललेली नाही. काल बोलली. "भाऊ, तुमचा गुण मोठा का माहा माणूस मोठा?" आत गेलो तर दादाजीने माझा हात धरला. "पोच्या, सांगू नोको. चार गावचे लोक तुह्या अंगणात येतेत. माह्या एकट्यासाठी गुण काऊन घालवतं?"

दिव्यानी, मी त्याला मरायला टेकवलं आणि तो माझी अब्रू राखत होता. मी मूलपर्यंत बसमध्ये रडत आलो. कंडक्टर रोशनने काही न विचारता खिडकीजवळची जागा दिली. हे पत्र त्याच्याच हाती पाठवतो आहे, दुपारपर्यंत तुला मिळेल.

तुझा
पोचूमामा

ता. क. नाव लिहायला हात धजत नाही. सोबतच्या पिशवीत वेलीचा तुकडा आणि तीन पानं घातली आहेत, ती डॉक्टरांना दे. (पानांबद्दलही आजोबा काही बोलले नव्हते.)

ता. क. २. पानं वाटेत चुरगळतील. गुळवेल आहे. हो, गुळवेलच. दर रविवारी पहाटे मी पोतं घेऊन जंगलात जायचो, ते नुसता बसून यायला. वेल तोडायचो ती दादाजीच्याच घरामागच्या कडुनिंबावरची.

ता. क. ३. गुण गेला तर जाऊ दे. माझं एवढं काम कर. मी नाव कळवलं हे दादाजीला सांगू नकोस; रक्ताच्या तपासणीत निघालं म्हण. तो बरा होऊन घरी आला, की त्या कडुनिंबाखाली बसवून मी त्याला स्वतः सांगेन. तोंडाने.