एका फेऱ्याला किती इंच

१२ जानेवारी, सोमवार

जहूरला आज लेथवरून उठवलं. अर्बाबने, आमच्या मालकाने, सगळ्यांसमोर — हात पूस आणि घरी जा. अठरा वर्षं माझ्या शेजारच्या मशीनवर उभा असलेला माणूस हात पुसून गेला.

भानगड अशी. सुमाइल गावच्या शेख हमूदची जुनी शिकारीची रायफल. शिकार आता बंद, म्हणून निशाणबाजीच्या स्पर्धेला काढतात. नळीचं तोंड ठेचलं होतं, ते जहूरने लेथवर साफ करून दिलं. शनिवारच्या स्पर्धेत गोळ्या आडव्या लागल्या. कागदावरची भोकं गोल नाहीत, लांबट — गोळी कुशीवर झोपून गेल्यासारखी! शेखची चारचौघांत शोभा झाली. रायफल परत दुकानात आली आणि नळी जहूरनेच बिघडवली असं अर्बाबने ठरवून टाकलं.

जहूरचा व्हिसा गेला की त्याच्या बायकोचा, गुलबानूचा, आणि पोरीचा, उमामाचाही गेला. पोरीची बारावीची बोर्डाची परीक्षा सतरा फेब्रुवारीला. इथल्याच शाळेत. गेलं वर्षभर तिने पुस्तकातून मान वर काढलेली नाही.

१३ जानेवारी

नळीचं तोंड रायफल जाण्याआधी मी स्वतः भिंग लावून पाहिलं होतं. कुठे ओरखडा नाही, काही नाही. मग गोळी आडवी का?

१५ जानेवारी

मोबाइलवर इंग्रजी पानं उघडतो, त्याचं हिंदी करून वाचतो. माझी शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं लेथने शिकवलं. पण हे नवीनच.

नळीच्या आत खाचा असतात, मळसूत्रासारख्या पिळाच्या. त्या गोळीला फिरकी देतात. फिरकी असली की गोळी भोवऱ्यासारखी ताठ. भोवरा मंदावला की कसा डुलतो, आडवा पडतो — तसंच. आता गंमत म्हणजे लांब गोळीला जास्त फिरकी लागते, आखूडला कमी चालते. आणि फिरकी मोजायची ती अशी — एक पुरा फेरा किती इंचात? सात इंचात, तर फिरकी जोराची. चौदा इंचात, तर हळू. आकडा मोठा तर फिरकी कमी! हे उलटं डोक्यात शिरायला माझे दोन दिवस गेले.

अर्बाबला विचारलं, गोळ्या त्याच होत्या का. म्हणाला, शेखच्या पुतण्याने नव्या आणल्या. लांबड्या, जड. जुन्या आखूड संपल्या.

मग सापडलंच की! नळीचा पीळ हळू असेल तर लांब गोळी डुलणारच. जहूरचा काय दोष? नळीवर आकडा कोरलेला नाही. मोजायला हवं.

१८ जानेवारी, रविवार

मोजायची सळी मीच केली. पितळेची, मागे इंग्रजी टीसारखा आडवा दांडा जोडला, छान झाली. टोकाला कापड घट्ट गुंडाळून नळीत सारायचं. कापड खाचा धरून वळतं, त्याबरोबर सळी वळते, दांडा वळतो. दांडा उभा ठेवून सुरुवात केली. पुन्हा उभा झाला तिथे खूण. पट्टी लावली.

सात.

तीनदा मोजलं. सात, सात, सात.

सातच्या पिळाला लांब गोळी खुशाल चालते. म्हणजे जहूरनेच तोंड बिघडवलं? माझा विश्वास बसेना. अर्बाब मागेच उभा होता. किती, म्हणाला. मी खोटं कसं बोलू? सांगितलं.

२० जानेवारी

रायफल सुमाइलला गेली. अर्बाबने शेखला शब्द दिला — नळी चांगली होती, माझ्या माणसाने बिघडवली, तो माणूस जातोय.

जहूरचा व्हिसा कॅन्सलचा कागद तयार. दहा फेब्रुवारीच्या आत तिघांनी निघायचं. परीक्षेच्या सात दिवस आधी!

२३ जानेवारी, शुक्रवार

रुवी भागात जहूरच्या घरी जेवायला गेलो. दर शुक्रवारी जातो, न जाऊन काय कारण सांगणार? दारातच पुठ्ठ्याची खोकी. उमामा शाळेत विचारून आली होती. तिचं मराठी अडखळतं, पण हे तिने पाठ केल्यासारखं सांगितलं — सेंटर आता बदलत नाही काका, पुढच्या वर्षी बसावं लागेल. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

गुलबानूने तळलेला सरंगा वाढला. वाढता वाढता म्हणाली, "कुणीतरी नळीचं मोजमाप केलंय म्हणे, भाऊ. त्याला लेकरंबाळं नाहीत का?"

मी म्हटलं, असतील. आणि घास गिळला.

जहूर स्वतःच्याच हातांकडे बघत होता. शेवटी मला म्हणतो, दादा, चुकलंही असेल माझं, वय झालं. — अठ्ठेचाळीसचा माणूस! माझ्या एका आकड्याने त्याला स्वतःच्या हातांवर संशय आला.

मोजणारा मीच, हे सांगितलं नाही. 

२४ जानेवारी

बायकोचा, मंगलाचा गावाहून फोन. आवाज का असा, विचारत होती. सर्दी झाली म्हटलं.

२६ जानेवारी, सोमवार

देवा! देवा, काय केलं मी!

जहूरच्या मशीनवर आता नव्या पोराला, ओमप्रकाशला उभं केलंय. चकची, म्हणजे लेथच्या जबड्याची, टीसारखी चावी कशी आवळायची ते दाखवत होतो. एक फेरा फिरव म्हटलं. त्याने फिरवली आणि थांबला. "हो गया चाचा, एक." मी खेकसलो — अरे, अर्धाच झाला! तो म्हणतो, दांडा तो वैसे ही खड़ा है.

टीचे दोन हात. दोन्ही सारखे. अर्ध्या फेऱ्यात खालचा वर येतो आणि दांडा पुन्हा उभाच दिसतो.

मी अर्धा फेरा मोजला होता. सात म्हणजे अर्धा. पुरा चौदा! जहूरचं काम चोख होतं. चाळीस वर्षं टीची चावी हातात, आणि मी — मी!

२७ जानेवारी

अर्बाबला सांगितलं. त्याने डोळे मिटले. शेखला शब्द देऊन झालाय, म्हणाला, आता कुठल्या तोंडाने जाऊ. मी म्हटलं, माझ्या तोंडाने.

परवानगी नाही दिली. नाही म्हणालासुद्धा नाही. शुक्रवारी सुट्टी, तुझा तू, एवढंच बोलला.

३० जानेवारी, शुक्रवार

जहूरकडे येत नाही म्हणून कळवलं. सळी घेऊन सुमाइल. दांड्याच्या एकाच हाताला लाल रंग लावलेला.

शेख हमूद म्हातारा, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. आधी कॉफी पाजली, खजूर पुढे केले, मग विचारलं का आलास. माझं अरबी कामापुरतं. अर्धं हातवाऱ्यांनी सांगितलं — चूक माझी, जहूरची नाही, पुन्हा मोजू दे. पाय धरायला वाकलो तर त्याने खांदा धरून सरळ केलं.

सळी त्याच्याच हातात दिली. त्याने सारली, मी पट्टी धरली. लाल हात खाली गेला — सात. पुन्हा वर आला — चौदा.

त्याने शेजाऱ्याकडून आखूड गोळ्या मागवल्या. मैदानात झोपून पाच झाडल्या. पुतण्या कागद घेऊन आला. पाचही भोकं गोल! माझ्या तळहाताखाली झाकतील अशी जवळजवळ. मी तिथेच रेतीत बसलो.

शेखने माझ्यासमोर अर्बाबला फोन लावला. जहूरचं नाव दोनदा ऐकू आलं. मग बराच वेळ तो नुसता ऐकत होता, आणि एकदा माझ्याकडे बघितलं.

१ फेब्रुवारी, रविवार

जहूरचा कागद अर्बाबने फाडला. उद्यापासून कामावर ये म्हणून कळवलं. पोरीची परीक्षा वाचली!

मग मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला, माझ्याकडे न बघता. शेखला कुणाचं तरी नाव द्यावं लागणार होतं, म्हणाला, तुझं दिलं. मी म्हटलं, अर्बाब, खरंच तर आहे.

माझं कायमचं परतीचं तिकीट आठ तारखेचं. त्याआधी एकच शुक्रवार. गुलबानूच्या पानावर बसून आधी काय सांगायचं — मी निघालोय, की ते सात माझे होते?