आपणच बोलावलेला प्रमुख पाहुणा

बाई, तुमच्या त्या अमेरिकन शेतकऱ्यांनी आठवडाभर माझं डोकं खाल्लंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझं चिपळूण सुटलं, मी इथे बहारीनला सनाबिसमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते, एका विमा कंपनीत अकाउंट्स बघते. त्या माणसांशी माझा काय संबंध? पण ऑफिसात कॉम्प्युटर उघडला की ते कॅन्ससचे गहूवाले समोर येऊन बसतात. नुसता वैताग आहे.

इतिहासाच्या परीक्षेच्या आधी आम्ही मुली तुमच्या घरी यायचो. तुम्ही हाताला तेल चोळून कुयरीच्या भाजीसाठी कोवळा फणस चिरताय आणि आम्हाला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची अमेरिका सांगताय. गहू त्यांचा, पण न्यायला रेल्वे एकाच कंपनीची, ती मागेल ते भाडं. ठेवायला कोठारं, तीही दुसऱ्यांची. मग त्यांनी गावोगाव संघटना बांधल्या, बायका घोडागाडीतून हिंडून भाषणं करायला लागल्या (हे सांगताना तुमचा आवाज चढायचा), स्वतःचा पक्ष काढला. आणि मग दोन मोठ्या पक्षांपैकी एकाने त्यांची एकच मागणी उचलली, चांदीच्या नाण्यांची, म्हणजे बाजारात पैसा वाढून कर्जं फेडणं सोपं होईल अशी. झालं! यांनी त्याच पक्षाचा उमेदवार आपलाही उमेदवार म्हणून जाहीर केला. निवडणूक हरले ती हरलेच, रेल्वे राहिली बाजूला, कोठारं राहिली, आणि थोड्या वर्षांत पक्षाचं नावही उरलं नाही. मी आगाऊपणे म्हटलं, "पण बाई, शहाणपणच ना ते? निदान एक मागणी तरी पुढे गेली." तुम्ही विळी आडवी केली. "दक्षिणेतले काळे शेतकरी त्यांच्या बाजूने उभे राहिले होते. ज्या पक्षाने त्यांना छळलं, त्याच्याच दारात त्यांना सोडून हे मोकळे. हरले एवढंच लिहू नकोस. कोण कोणाला सोडून गेलं ते लिही." मला तेव्हा राग आला होता. तेवढ्यासाठी कोण मार्क देणार, असं वाटलं होतं.

या उन्हाळ्यात आमच्या बिल्डिंगचे एसी एकामागून एक बंद पडले. इथल्या जुलैत एसी नाही म्हणजे काय, ते चिपळुणात बसून कळायचं नाही. त्याच सुमारास तळमजल्यावरच्या, आपल्या रत्नागिरीकडच्या मुसलमान कुटुंबांना नोटीस आली, जागा रिकामी करा, तिथे नवी दुकानं उघडायची आहेत. मालक कधी दिसत नाही. दिसतो तो त्याचा मॅनेजर, आपल्याच पुण्याचा. आम्ही सगळे गच्चीवर जमलो आणि ठरवलं, एसी आणि तळमजला दोन्हींचं मिटेपर्यंत कोणीही भाड्याच्या नव्या करारावर सही करायची नाही. मराठी, मल्याळी, सगळे तयार. बाई, शपथेवर सांगते, त्या दिवशी मला तुमची फार आठवण आली. वाटलं, चला, जमतंय की!

आणि मग आली कोजागिरी. आमच्या बिल्डिंगच्या कमिटीतल्या हुशार मंडळींनी काय करावं? मॅनेजरलाच प्रमुख पाहुणा केलं! "मान दिला की विरघळतो हो माणूस," म्हणे. सत्कार म्हटला की आपल्या लोकांना नुसता हुरूप. शाल, नारळ, गुच्छ, मसाला दुधाचा पहिला ग्लास त्याला. त्याने माईक घेतला आणि म्हणाला, "आपली माणसं आहात, सगळ्यांना नवीन एसी. उद्या खाली या, करार उरकून टाकू. यल्ला, चला!" टाळ्याच टाळ्या. मी मागून ओरडले, "आणि तळमजला?" कमिटीचे सेक्रेटरी हसून म्हणाले, "अहो ताई, आज सण आहे, ते नंतर बघू." तळमजल्यावरच्या भाभी दुधाचा ग्लास हातात धरून तिथेच उभ्या होत्या. त्यांनाही आग्रहाने बोलावलं होतं ना! अस्सं चिडायला झालं मला, की दूध तसंच टाकून खाली आले.

दुसऱ्या दिवशी रांग लागली सह्यांना. मी ऑफिसातून येईपर्यंत आमच्याकडूनही सही झाली होती. नवरा म्हणाला, "तुझा इतिहास पुस्तकात राहू दे. पोरीचं बारावीचं वर्ष आहे, आत्ता घर शोधत फिरायचंय का?" लेक मराठी सगळं समजते, उत्तर मात्र इंग्रजीत. "ॲट लीस्ट वी गॉट दी एसी, आई." तिच्यावर खेकसणार होते. पण काय म्हणून खेकसू?

काल भाभी वर आल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत, दारातच उभ्या. "ताई, आयतवारी आमी मालकाच्या ऑफिसात जातंव. वरच्या माळ्यावरचा एक तरी माणूस संगती असला तर तो जरा ऐकेल. तुमी येशाल ना?" मी चटकन म्हटलं, "इंशाल्ला." चटकन म्हटलेला इंशाल्ला म्हणजे गोड शब्दांत नाही, हे इथे इतकी वर्षं काढलेल्या बाईला सांगावं लागत नाही. त्यांनी मान हलवली, लेकीच्या अभ्यासाची चौकशी केली आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरून गेल्या.

कमिटीला शिव्या घालणं सोपं आहे, ते मी घरीदारी केलं. आमचाही पुढचा करार त्याच मॅनेजरच्या हातात आहे, हे मात्र कोणाला बोलून दाखवलं नाही. हे पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही, आणि खरं सांगू का बाई, तो नाही म्हणूनच मी लिहायला बसले. तुम्ही असतात तर एक ओळही लिहिली नसती. तुम्ही सोमवारी सकाळी फोन करून विचारलं असतंत, गेलीस का?