तुझ्या पेटीत चूक नव्हती

१४ मार्च, शुक्रवार

प्रिय अक्का,

नमस्कार. इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून आधी शेवटची सही शोधली असशील. मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात आणि बायको गुडघ्यांवर कुरकुरते. मुलगी इंजिनियर झाली.

काल आपल्या प्रयोगशाळेतला, नेटवर्कवर मजकुराला वाट दाखवणारा शेवटचा स्विच बंद केला. जुना माणूस म्हणून मला मुद्दाम बोलावलं होतं. तिसऱ्या मजल्यावरची ती खोली अजून तशीच गार आहे. भर उन्हाळ्यात तू तिथे स्वेटर घालून बसायचीस आणि चहावाला तुला ‘थंडीवाल्या बाई’ म्हणायचा. केबलच्या रिळावर बसून तू मला समजावलं होतंस, “हे बघ, सगळा मजकूर एकसारख्या चिमुकल्या तुकड्यांतून जातो. ते सेल. वरचा पत्ता उघडा ठेवायचा, नाहीतर स्विच वाट कशी दाखवणार? कुलूप फक्त आतल्या मजकुराला. आणि प्रत्येक संभाषणाची किल्ली वेगळी.” सेकंदाला लाखो सेल जायचे, आणि सेलगणिक किल्ली बदलणारी पेटी तू बनवलीस. मी नुसते स्क्रू पिळायचो, तरी बाहेर ‘आमची पेटी’ म्हणून मिरवायचो. तू कधी हटकलं नाहीस.

किती मजेत होतो गं आपण!

आता खरं लिहितो. तीन कागद फाडून झालेत.

दोन हॉस्पिटलांच्या लोकांसमोर चाचणी होती, त्या सकाळी तू त्यांना आणायला खाली गेलीस. मी एक एक्स-रे पाठवून बघितला. वाटेत एक सेल हरवला, दोन्ही टोकांच्या किल्ल्यांचा मेळ सुटला आणि पडद्यावर नुसता चिखल. मेळ परत कसा जुळवायचा ते तू शिकवलं होतंस. पण जिन्यात पावलं वाजली आणि माझी पाचावर धारण बसली. मी कुलूपच काढून टाकलं, मजकूर उघडाच सोडला. एक्स-रे स्वच्छ गेले. टाळ्या पडल्या. तू सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटलीस, मग सांगायचं राहिलं ते राहिलंच. कुलूप परत लावायचाही धीर झाला नाही.

आठवड्याने तपासनीसाने मधली केबल तपासली, तर पेशंटची नावं उघडी. तू मला बाजूला घेऊन विचारलंस, “तू काही केलंस का रे?”

“छे, मी कशाला?”

“मग माझंच काहीतरी चुकलं असेल.”

महिनाभर तू त्या पेटीत नसलेली चूक शोधत बसलीस. मी समोर बसून चहा पीत होतो. मग तू राजीनामा दिलास.

काल सगळे माझी स्तुती करत होते. माझी पाळी आली तेव्हा उठलो आणि हे सगळं असंच सांगितलं. बाहेर आल्यावर सोबत आलेल्या मुलीने विचारलं, “बाबा, अक्कांना सांगितलंत?” घरी येऊन कागद पुढ्यात ओढला.

संचालकबाईंनी त्या चाचणीच्या जुन्या अहवालात दुरुस्ती नोंदवून घेतली. प्रत सोबत जोडली आहे. त्यातली दुसरी ओळ आधी वाच: यंत्र निर्दोष होतं.

माफ कर म्हणायला तोंड नाही. येऊन समोर उभा राहीन म्हणतो. नको म्हणालीस तर तेही मुकाट्याने ऐकेन.

तू धाकटा मानलेला आणि तुलाच फसवणारा,
मी