शून्य धरलेली हवा

२ एप्रिल
पोचले एकदाची! कुत्र्यांनी घसरगाडी थेट दारात आणली. बर्फावरच्या या संशोधन-ठाण्याची राखण करणारा म्हातारा उयाराक धावत आला आणि त्याने आधी माझ्या पोटाचीच विचारपूस केली. त्याची आई या हिवाळ्यात गेली. बाळाला तिचं नाव द्यायचं मी कबूल केलंय, म्हणजे मुलगा होवो की मुलगी, आमच्या रीतीने पोटातलं बाळ आत्तापासूनच उयाराकची आई. प्रवास सोसला का गं आई, थंडी नाही ना वाजली, म्हणे. सहा महिने ओझं वाहतेय मी, पण मला कोण विचारतंय!

५ एप्रिल
काम बसून करायचं. बर्फात रोवलेल्या नळीतून हवा ओढायची. बर्फात अडकलेली पाऱ्याची वाफ यंत्रातल्या सोन्याच्या जाळीवर चिकटते, मग ती मोजायची. त्याआधी आमच्या खोलीतली हवा मोजून ती शून्य धरायची आणि वजा करायची. हा नियम कोपनहेगनला बसलेल्या टोर्किल्डसाहेबांचा. खोलीत वारा नाही, आकडा हलत नाही, म्हणून साहेब खूश.
उयाराकच्या हातून आज पुन्हा कॉफी सांडली. सकाळीच घेतलीस वाटतं, असं चिडवलं तर म्हातारपण आलंय पोरी, म्हणाला. सीलचा रस्सा मात्र फक्कड करतो. पहिली वाटी अर्थातच आईची!

११ एप्रिल
आकडे शून्याच्या खाली चाललेत. साहेब रेडिओवर नाचायचेच बाकी होते. बर्फ पारा गिळतंय, असं जगात कुणी पाहिलेलं नाही, म्हणे. मला ते पटत नाही. सूर्य परतला की बर्फ पारा सोडतं, हे शाळेतलं पोरही सांगेल.
झोप नाही. हिरड्यांतून रक्त येतं, तोंडाला लोखंडाची चव. बाईमाणसाला या दिवसांत होतं असं, हेही साहेबांनीच सांगितलं. किती बाळंतपणं झालीत त्यांची, देव जाणे.

१५ एप्रिल
आज उलटं केलं. उंच खांबावरची बाहेरची हवा शून्य धरली आणि खोलीतली मोजली. काटा शेवटाला जाऊन अडकला.
बर्फ काहीही गिळत नाही. पारा खोलीत आहे. मी रोज तो शून्य धरून पुसून टाकत होते.

१६ एप्रिल
शेगडीखालची फळी उचलली. फुटलेले जुने वायुभारमापक, आणि फटीफटींत माशाच्या डोळ्यांएवढे पाऱ्याचे थेंब. शेगडी तापली की वाफ. उयाराक अख्खा हिवाळा यावरच झोपला. पाऱ्याची वाफ हात थरथरवते, हिरड्या रक्ताळवते, डोकंही फिरवते.
साहेबांना सांगितलं. शून्य बदलू नका, मालिका बिघडेल, म्हणाले. आणि वर हेही, की गेल्या हंगामातली पोरगीही असंच रडगाणं गात होती. म्हणजे ठाऊक होतं! मेल्या, तुझी स्वतःची पोर इथे बसवली असतीस का रे?
वादळ येतंय; विमान ते ओसरल्यावरच, म्हणे.

१७ एप्रिल
वादळ. दोनदा दार उघडलं, कुत्रीसुद्धा दिसत नाहीत. गाडी जुंपणं अशक्य.
शेगडी विझवली. सगळी कातडी अंगावर घेतली. गोठून मेलो तरी—
डोळा लागला तेवढ्यात उयाराकने पुन्हा पेटवली. आई कुडकुडतेय, म्हणाला.

१८
समजावलं. रडून सांगितलं. फळी उचलून दाखवली. तो म्हणतो मी त्याच्या आईला मारायला आलेय. दक्षिणेकडून मुद्दाम पाठवलंय मला.
एवढा प्रेमळ माणूस. माझ्याकडे बघतही नाही आता, फक्त पोटाकडे. शेगडीकडे पाठ करून बसलाय. हातात सुरी.

तारीख—
शेगडी लाल. सुरी काढून घेतली असती, पण माझी बोटं— अक्षर बघ कसं—
त्याने पोटाला कान लावला. हसला. आई नाचतेय, म्हणाला.
मी हात ठेवला.
लाथ नाही ही. लाथा मला ठाऊक आहेत. बाळ मारतं, थांबतं, झोपतं. हे थांबतच नाहीये. बारीक, सारखं, आतून— माझ्या हातासारखं थर—