बॅलीकरनची नवरी दारव्ह्यात वारली

दारव्हा,
मंगळवार, दुपार

प्रिय सत्यशीला,
सप्रेम जयभीम.

तुझा गुडघा कसा आहे? रक्तातली साखर? गच्चीवरची जुई? तू फोन उचलत नाहीस म्हणून कागदावर विचारते आहे. कागद वाजत नाही, त्यामुळे तुला तो बंद करून ठेवता येणार नाही. आमच्याकडे सगळे बरे आहेत. आमचे वामनराव जिवंत आहेत. (हे मुद्दाम का लिहिलं ते पुढे कळेल. नागपूरपर्यंत काही वेगळं पोचलं असेल तर ते खोटं आहे.) मी मात्र एका जागी बसू शकत नाही. हे पत्र लिहिताना दोनदा उठून गॅस बंद आहे की नाही ते पाहून आले. गॅस बंदच होता. दुसऱ्यांदाही.

आपली ‘द ब्राइड ऑफ बॅलीकरन’ आठवते ना? सिस्टर फिलोमिनांनी आयर्लंडहून येताना पेटीच्या तळाशी घालून यवतमाळच्या आपल्या शाळेत आणलेला ऑपेरा. त्यांच्या मते जगात सर्वश्रेष्ठ, आणि जगानं तर नावही ऐकलेलं नाही. त्यात तू थोरली बहीण झालीस, म्हणजे नवरी. मी धाकटी. चौथीच्या मुली मेंढ्या. लोकर कुठली मिळायला, म्हणून माझ्या बाबांच्या ओळखीनं जिनिंगमधून कापसाचं बोचकं आलं, ते खळीनं मुलींना चिकटवलं, आणि पडदा उघडताच सगळ्या आयरिश मेंढ्या शिंकायला लागल्या. (सिस्टर पियानो सोडून विंगेत धावल्या, तरी तू गातच राहिलीस. तेव्हापासून मी तुला घाबरते.) तर सत्या, त्या ऑपेराचं नवं रेकॉर्डिंग निघालंय! आमच्या सुनेनं, निकितानं, फोनमध्ये शोधून दिलं आणि रजतचा मोठा स्पीकर जोडून दिला. मग दोघं पुण्याला निघून गेली, पण त्याचा आवाज कमी कसा करायचा ते सांगायचं राहिलं. विलायतेतल्या हौशी मंडळींनी खपून केलंय, आणि पहिल्यांदाच ‘संपूर्ण’ आहे म्हणे. हा शब्द ध्यानात ठेव.

गेल्या रविवारी जेवणं आटोपल्यावर मी ते लावलं. वामनराव बाहेर ओट्यावर खाटेवर झोपले होते. सध्या माशा फार, म्हणून पांढरी चादर डोक्यावरून घेऊन. तिसऱ्या अंकात नवरी मरायला लागली तेव्हा मी रात्रीच्या वरणासाठी तुरीची डाळ कुकरला लावली. डाळ शिजली, फोडणी झाली, तरी बाई काही मेल्या नव्हत्या. बापाचा निरोप, प्रियकराचा निरोप, समुद्राचा निरोप, मेंढ्यांचा वेगळा निरोप. काय तो आवाज, सत्या! मी पळी हातात धरून ढसाढसा रडत होते. मला तुझा फ्रॉक दिसत होता, त्याला सेफ्टी पिननं लावलेला मच्छरदाणीचा पदर दिसत होता.

तेवढ्यात शेजारच्या विमलताई मागच्या दारानं आल्या आणि त्यांनी मला मिठीच मारली. “रडा ताई, मोकळ्या व्हा,” म्हणाल्या, आणि स्वतःही रडायला लागल्या. मला वाटलं, काय ही संगीताची ताकद! विमलताईंनी आजवर भजनाशिवाय काही ऐकलेलं नाही, आणि आज आयर्लंडसाठी रडताहेत. “कवा झालं वो?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “आत्ताच. वेळ फार लागला, पण शेवट गोड झाला.” त्यावर त्या आणखीच हुंदके देऊ लागल्या.

बाहेर येऊन पाहते तर अंगणात अर्धी गल्ली. खुर्च्या मांडलेल्या, पुरुष टोप्या काढून उभे. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून बाया बेसन-भाकर घेऊन आलेल्या. (एवढ्या लवकर भाकरी थापून कशा झाल्या हे मला अजून उमगलेलं नाही. आमच्या गल्लीची तयारी असते, हेच खरं.) जीपवाले भीमसिंग तर रजतला फोन करून मोकळे झाले होते. कुणी काही बोलायच्या आत चादरीखालून वामनरावांच्या खिशातला फोन वाजला. मग चादरीतून एक हात बाहेर आला, खाटेवर चाचपडला आणि पुन्हा आत गेला. “हां रजत, बोल... कोण गेलं म्हणते? मी? थांब, विचारून सांगतो.” विमलताई किंचाळल्या, “अवो, जिते आहेत वो!” मागच्या दोन बाया फाटकाबाहेर पळाल्या. वामनराव उठून बसले, चहूकडे पाहिलं, आणि म्हणाले, “भाकर आणलीच आहे तं वापस कायले नेता?” आणि तिथेच बसून त्यांनी ती खाल्ली, हिरव्या मिरचीसकट.

हसलीस ना? हसली असशील तर आता ऐक. त्या ‘संपूर्ण’ रेकॉर्डिंगमध्ये आपलं गाणं नाही. दुसऱ्या अंकात, लग्नाच्या आदल्या दिवशी दोघी बहिणी दारात बसून गातात ते. मी पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. तिथे नुसतं व्हायोलिन वाजतं. सोबतच्या माहितीत लिहिलंय की या गाण्याचे सूर कुठेच सापडले नाहीत. सापडले नाहीत म्हणजे काय? सिस्टरांनी तर आपल्याला वर्षभर छळून पाठ करून घेतलंय! तेव्हापासून माझं कशात चित्त नाही. सिस्टर नाहीत, त्यांची पेटी नाही. उरलो आपण दोघी. मला येतो तो फक्त धाकटीचा, खालचा आवाज; वरचा तुझा.

तुझे धर्मपालजी गेल्यापासून तू गात नाहीस, हे मला ठाऊक आहे. मी आग्रह मुळीच करणार नाही. प्रकृतीला जप. वामनराव नमस्कार सांगतात (स्वतः सांगतात).

तुझी,
मंदा

ता.क. त्या विलायतेच्या मंडळींना मी कळवून टाकलंय की गाणं आमच्याकडे आहे आणि आम्ही दोघी ते गाऊन पाठवतो. त्यांचं उत्तरही आलं, फार आनंदले आहेत. आता नाही कसं म्हणायचं?

ता.क. दोन. रविवारी भीमसिंग जीप घेऊन तुझ्या दारात येतील. अपराधी वाटतंय त्यांना, म्हणून येतो म्हणाले. विमलताईंना आधीच सांगून ठेवलंय, आवाज आला तर घाबरू नका. त्या म्हणाल्या, “या बारीला पह्यले इचारीन, मंगच बेसन टाकीन.”

ता.क. तीन. मी रोज स्वयंपाकघरात म्हणून बघते. वामनराव विचारतात, “मधातच काहून थांबते? विसरली का?” विसरले नाही गं. तिथे तुझी ओळ चालू असते.